हंगर गेम्सचे तिन्ही भाग परत वाचले, यावेळी भाचीबरोबर

सोलापुरात मे महिन्यात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायचं काम नाही, पारा 43-44 ला टेकलेला असतो आणि पंखा नुसती गरम हवा फिरवतो. दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसलेली माझी भाची याच दिवसांत आमच्याकडं राहायला आली आणि आल्या आल्या म्हणाली, मावशी, मला हंगर गेम्सचा सेट घेऊन दे, वर्गातल्या सगळ्यांनी वाचलाय. मी स्वतः 2012 ला पिक्चर आला तेव्हा पहिला भाग वाचला होता आणि खरं सांगायचं तर तेव्हा फक्त पुढं काय होतं या नादात वाचला होता. यावेळी दोघींनी मिळून तिन्ही वाचले, ती पुढं आणि मी मागं, आणि मला हे पुस्तक आत्ता कळालं असं वाटतंय म्हणून एवढं लिहायला बसले.

आधी खरेदीचं सांगते. पहिला सेट ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून मागवला आणि फसले. कागद पिवळट, अक्षर फिकं, आणि तिसऱ्या भागात पानं चक्क दोनदा छापलेली, मधली पानं गायब. सरळ सरळ पायरेटेड माल होता. परत घेतला त्यांनी पण पंधरा दिवस गेले. मग नवी पेठेत एका दुकानातून ओरिजिनल घेतला, पैसे जास्त गेले पण बाइंडिंग घट्ट आहे, फाँट मोठा आहे, आता तीन जणींनी वाचून झाला तरी एक पान सुटलेलं नाही. तुम्ही घेणार असाल तर हातात घेऊन, मधली पानं चाळून मगच घ्या.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुझान कॉलिन्सची ही तीन पुस्तकं, द हंगर गेम्स 2008, कॅचिंग फायर 2009, मॉकिंगजे 2010. आजची उत्तर अमेरिका उद्ध्वस्त झाल्यावर तिथं पानेम नावाचा देश उभा राहिलाय, मधे श्रीमंत कॅपिटॉल आणि भोवती 12 डिस्ट्रिक्ट. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून चिठ्ठी काढून 12 ते 18 वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी उचलतात, असे 24 जण एका मैदानात सोडतात, एकच जिवंत उरेपर्यंत, आणि हे सगळं टीव्हीवर लाइव्ह, बघणं सक्तीचं. कॅटनिस ही कोळसा खाणीच्या डिस्ट्रिक्ट 12 मधली 16 वर्षांची मुलगी, बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीचं नाव निघतं तेव्हा तिच्या जागी स्वतः पुढं होते. लेखिकेनं सांगितलंय की एका रात्री ती टीव्हीचे चॅनल बदलत होती, एकीकडं रिॲलिटी शो आणि दुसरीकडं इराक युद्धाच्या बातम्या, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला लागलं, तिथून हे सुचलं.

आता लोक म्हणतात पोरांना हे आवडतं कारण मारामारी आहे, लव्ह ट्रँगल आहे. मला ते पटत नाही. मारामारी तर मोबाइल गेममधेही आहे. पोरांना जे धरून ठेवतं ते या पुस्तकातला हिशोब आहे असं माझं ठाम मत झालंय.

कसा ते सांगते. पहिल्याच प्रकरणात टेसेरा नावाची भानगड येते. तुम्ही गरीब असाल तर आपल्या नावाची एक जादा चिठ्ठी टाकायची आणि बदल्यात एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल एवढं धान्य आणि तेल घ्यायचं. घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक अशी घेता येते आणि चिठ्ठ्या दरवर्षी साठत जातात. भाचीला पहिल्यांदा ते नीट समजलं नाही, म्हणून आम्ही लाइट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडलं. कॅटनिस, आई, बहीण, तीन टेसेरा, अधिक सक्तीची एक, म्हणजे वर्षाला चार. बाराव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत पाच वर्षं. चार पंचे वीस. पुस्तकात बरोबर 20 च आहे. मग तिचा मित्र गेल, वय 18, घरात पाच तोंडं, वर्षाला सहा चिठ्ठ्या, सात वर्षं, 42. तेही बरोबर. भाची पेन धरून तशीच बसली आणि म्हणाली, म्हणजे मावशी, जो जास्त माणसांना जेवू घालतो त्याचं नाव निघायचा चान्स जास्त? हेच. आणि बहिणीला एकही टेसेरा घेऊ दिलेला नाही कॅटनिसनं, तिची हजारोंमधे एकच चिठ्ठी, आणि नेमकी तीच निघते.

आमच्या घरात केशरी रेशनकार्ड बरीच वर्षं होतं, अंगठ्याचा ठसा उठला नाही म्हणून रिकामी पिशवी घेऊन परत आलेली आई मी बघितलीय. त्यामुळं धान्याच्या बदल्यात नाव ही कल्पना वाचताना मला ती भविष्यातली वाटलीच नाही. गेल तर पुढं जाऊन सांगतो की ही टेसेराची पद्धत मुद्दाम आहे, उपाशी झोपणारे आणि रात्रीचं जेवण पक्कं असलेले यांच्यात वैर राहावं म्हणून. महापौराच्या मुलीवर तो चिडतो, तिच्या नावाच्या चिठ्ठ्या पाचच असतील म्हणून, आणि कॅटनिसला कळतं की यात त्या मुलीचा काही दोष नाही. माझे आजोबा मिलमधे बदली कामगार होते. रोज भोंग्याला गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी परमनंट गैरहजर असला तर काम, नाहीतर घरी. ते सांगायचे की आम्ही मालकावर कमी आणि परमनंटवाल्यांवर जास्त जळायचो. एवढासा दोन पानांचा प्रसंग, पण मी ते वाचून पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ.

दुसऱ्या भागात एक जागा आहे ती सोलापूरकरांनी वाचाच. डिस्ट्रिक्ट 8 म्हणजे कापडाचं. तिथून पळून आलेल्या दोघी कॅटनिसला जंगलात भेटतात, एक शाळेतली बाई आणि एक तिचीच विद्यार्थिनी, दोघी शाळा सुटल्यावर चार तासांची शिफ्ट करायच्या, पोलिसांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या फॅक्टरीत. त्या सांगतात की उठावाची बोलणी फॅक्टरीतच व्हायची, कारण मशीनचा आवाज इतका की कानाशी तोंड नेऊन बोललं तर कोणाला काही कळायचं नाही. मला एकदम आजोबा आठवले. मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, आयुष्य गेलं त्यांचं, कानाला शेवटी फारच कमी ऐकू यायचं, पण समोरच्याच्या ओठांवरून सगळं बोलणं ओळखायचे आणि घरातसुद्धा ओरडूनच बोलायचे, आम्हाला लहानपणी वाटायचं ते रागावलेत. आता आमच्या पूर्व भागात यंत्रमागाची खटखट चालू असते तिथनं जाताना हे आठवणारच.

अशाच बाकीच्या पुस्तकांची नावं पण लोक सुचवतात म्हणून सांगते. डायव्हर्जंट, व्हेरॉनिका रॉथ, 2011. शिकागोत माणसांचे पाच गट, सोळाव्या वर्षी टेस्ट आणि मग सगळ्यांसमोर एक गट निवडायचा, आणि गट बदलला तर घर सुटलं. भाचीला हे सगळ्यात जास्त झोंबलं, म्हणाली हे तर आपल्या अकरावीच्या ॲडमिशनसारखं आहे, सायन्स घेतलं की डॉक्टर, आर्ट्स घेतलं की काय करलालीस म्हणून सगळे विचारणार. पहिला भाग मस्त पळतो, पण तिसऱ्यात सगळ्याचं कारण जनुकांवर नेऊन ठेवलंय ते मला पटलं नाही, एवढा मोठा डोलारा आणि खाली पाया कच्चा. मेझ रनर, जेम्स डॅशनर, 2009, भिंतींच्या भूलभुलैयात अडकलेली पोरं, वाचन न आवडणाऱ्या मुलाच्या हातात द्यायला एक नंबर, प्रत्येक प्रकरण अशा जागी थांबतं की पुढचं वाचावंच लागतं, पण दुसऱ्यांदा वाचावंसं वाटत नाही. आणि या सगळ्यांच्या आधीचं 1993 चं लोइस लोरीचं द गिव्हर, छोटंसं आहे, अमेरिकेतलं बालसाहित्याचं न्यूबेरी मेडल मिळालेलं, तिथल्या लोकांना रंगसुद्धा दिसत नाहीत आणि बाराव्या वर्षी कमिटी ठरवते तू आयुष्यभर कोणतं काम करायचं. शांत पुस्तक आहे. सहावी-सातवीच्या मुलांना सुरुवात त्यापासून करून द्या.

आता मॉकिंगजे. हा भाग बऱ्याच जणांना आवडत नाही, संथ आहे, कॅटनिस सारखी आजारी आणि रडवेली आहे, शेवट कडू आहे. भाचीनं पण अर्ध्यात सोडलं होतं. माझ्या मते तिन्हीत हाच सगळ्यात खरा. बंडखोरांचं डिस्ट्रिक्ट 13, जे जुन्या बंडात नष्ट झालं असं कॅपिटॉल सांगत आलेलं, ते आपण चांगलं समजून आत जातो आणि बघतो तर तिथं रोज सकाळी प्रत्येकाच्या हातावर दिवसभराचं वेळापत्रक जांभळ्या शाईनं उमटवतात आणि ताटात मोजून मापून तेवढंच अन्न. म्हणजे कॅपिटॉल भुकेवर राज्य करतं आणि हे पण भुकेवरच, फक्त उपाशी न ठेवता. लेखिकेचे वडील अमेरिकेच्या हवाई दलात होते, ती लहान असताना व्हिएतनामला गेलेले, मला वाटतं म्हणूनच तिला जिंकल्यावर ढोल वाजवणारा शेवट लिहिता आला नाही. लढाई संपते आणि माणसं झोपेत ओरडत उठतात, असं लिहिलंय तिनं, सोळा-सतरा वर्षांच्या वाचकांसाठी, आणि त्यांना ते झेपेल यावर तिनं विश्वास ठेवलाय. शेवटी काय होतं ते सांगत नाही. भाचीला म्हणलं, कंटाळा आला तरी वाच. तिनं वाचलं, आणि रात्री अकराला माझ्या खोलीत येऊन नुसती शेजारी पडून राहिली.

पालक विचारतात मुलांच्या डोक्यात नको ते भरेल का. हिंसा आहे, लपवत नाही, दहा वर्षांच्या मुलाला देऊ नका, पण तेरा-चौदाच्या पुढं बिनधास्त द्या. इंग्रजी सोपं आहे, सगळं कॅटनिसच्या तोंडून आणि आत्ता घडतंय असं लिहिलंय, सेमी इंग्रजीच्या मुलांना जमतं, पहिली पन्नास पानं अडखळतात मग सुटतात. आणि काही भरलंच डोक्यात तर प्रश्न भरतात. पुस्तकातली तीन बोटं वर करायची खूण 2014 च्या लष्करी बंडानंतर थायलंडमधे लोकांनी रस्त्यावर वापरली आणि त्यासाठी लोकांना पकडलं, हे मी भाचीला सांगितलं तेव्हा तिला खोटं वाटलं, नुसती बोटं वर केली म्हणून? मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिला चार हुतात्मा पुतळ्यांपाशी घेऊन गेले. लहानपणापासून ती रिक्षानं तिथून जाते पण थांबून नावं कधी वाचली नव्हती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 1930 च्या मे महिन्यात याच गावात मार्शल लॉ लागला होता आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. तिनं चारी नावं मोठ्यानं वाचली आणि विचारलं, यांचं वय काय होतं गं?

पहिला भाग सध्या घरात नाही, तिच्या मैत्रिणीकडं साखर पेठेत गेलाय, तिची आई विड्या वळते आणि ती म्हणे वळता वळता मुलीकडून रोज एक प्रकरण मराठीत सांगून घेते. टेसेराचा हिशोब मांडलेलं आमचं लाइट बिल पण त्याच पुस्तकात राहिलंय.