कोलोगार्ड, फिट की कोलोनोस्कोपी? अमेरिकेतल्या पंचेचाळिशीच्या मराठी मंडळींसाठी

अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी २०२१ पासून पन्नासऐवजी पंचेचाळीसाव्या वर्षीच सुरू करायला सांगतात. त्यामुळे वार्षिक तपासणीला गेलात की डॉक्टर विचारणारच: घरी किट पाठवू, की कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं तपासणं) करायची?

घरच्या किटमध्येही दोन प्रकार आहेत. फिट (FIT) ही चाचणी शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधते. नमुना चिमूटभर पुरतो, खर्चही कमी, पण ती दरवर्षी करावी लागते. कोलोगार्ड रक्त शोधतेच, शिवाय कॅन्सर किंवा पॉलिपच्या (आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या गाठीच्या) पेशींमधून शौचात उतरलेल्या डीएनएमधले बदलही तपासते. ती दर तीन वर्षांनी करायची, पण अख्खं शौच डब्यात घेऊन लगेच कुरिअरने पाठवावं लागतं. पथ्य किंवा जुलाबाचं औषध दोन्हींत नाही.

२०१४ साली सुमारे दहा हजार लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोलोगार्डने ९२ टक्के कॅन्सर पकडले, फिटने ७४ टक्के. हे आकडे पाहून निर्णय झालाच असं वाटेल, पण घाई करू नका. ही तुलना एकेका चाचणीची आहे. कोलोगार्डच्या एका फेरीत फिटच्या तीन फेऱ्या होतात आणि एका वर्षी निसटलेलं पुढच्या वर्षी सापडू शकतं. शिवाय कोलोगार्ड खोटा इशाराही जास्त देते: गंभीर काही नसलेल्या शंभरांपैकी साधारण तेरा जणांना, फिट पाच जणांना. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या कोलोगार्ड प्लस या नव्या आवृत्तीत हे प्रमाण नऊवर आलं आहे.

माझ्या मते खरा फरक पॉलिपमध्ये आहे. कॅन्सर बहुतेकदा पॉलिपमधूनच वाढतो, त्याला वर्षं लागतात. कॅन्सरकडे झुकलेल्या पॉलिपपैकी कोलोगार्डला ४२ टक्केच सापडले, फिटला २४. कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसतो आणि तिथल्या तिथे काढताही येतो. त्यासाठी आदल्या दिवशी पोट साफ करण्याचा त्रास, एक रजा आणि घरी आणायला सोबत माणूस, एवढं लागतं. क्वचित आतड्याला इजा होऊ शकते. सगळं ठीक निघालं तर पुढची दहा वर्षं निश्चिंती.

म्हणून जमत असेल तर कोलोनोस्कोपीच करा. ती टाळणारच असाल आणि दरवर्षी न चुकता नमुना द्याल अशी खात्री असेल, तर फिट उत्तम. दरवर्षी लक्षात राहणार नसेल तर कोलोगार्ड. काहीच न करण्यापेक्षा तिन्ही कितीतरी बऱ्या.

त्याआधी भारतात एक फोन कराच. आपल्याकडे ‘पोटाचं काहीतरी झालं होतं’ एवढ्यावर विषय संपवतात. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, किंवा तुम्हाला आधी पॉलिप निघाले असतील, आतड्याला दीर्घकाळ सूज असेल, तर कोलोगार्ड तुमच्यासाठी नाही. शौचातून रक्त जात असेल तर किटची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जा.

आणि किट पॉझिटिव्ह आलं तर कोलोनोस्कोपी करावीच लागते. मनाच्या समाधानासाठी दुसरं किट मागवून ते निगेटिव्ह आलं, तरी पहिला निकाल पुसला जात नाही. अमेरिकेतल्या बहुतेक विमा योजना आता ही पुढची कोलोनोस्कोपीही तपासणीचाच भाग धरतात. तारीख घेण्याआधी आपल्या योजनेत तसं आहे ना, एवढं विचारून घ्या.