सावंतवाडीतलं बाईंडिंगचं दुकान : आमच्या स्टार वॉर्सच्या पुढच्या गोष्टीला काकांनी जीव लावून शिवलं

५ पैकी साडेचार स्टार. अर्धा स्टार वेळेसाठी कापलाय, त्याचं खाली सांगते.

आधी बाईंडिंगला टाकलं काय होतं ते सांगायला पायजे, नाहीतर मी एका झेरॉक्सच्या दुकानाबद्दल एवढं का लिहितेय ते कळणार नाही. आम्ही वेंगुर्ल्याचे पाच जण, स्टार वॉर्स ह्या अंतराळातल्या युद्धांच्या इंग्रजी चित्रपटमालिकेची पुढची गोष्ट आम्ही स्वतःच लिहिली, तेच हे पुस्तक. डिसेंबर २०१९ मध्ये स्टार वॉर्सचा नववा भाग बघायला गोव्याला गेलो होतो, परत येताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. शेवटी रे, म्हणजे नायिका, टॅटूइन ग्रहावर जाते, दोन सूर्य मावळतात, ती आपलं आडनाव स्कायवॉकर सांगते आणि संपलं. ठीक आहे, रेचं संपलं असेल, पण फिनचं काय? लहानपणी आईबापांपासून उचलून नेऊन सैनिक केलेला पोरगा, एफएन-२१८७ हा त्याचा नंबर, नाव सुद्धा पो नावाच्या वैमानिक मित्राने दिलेलं. आणि त्याच्यासारखे असे किती तरी. त्याच भागात जॅना आहे, ती पण पळून आलेली स्टॉर्मट्रूपर, म्हणजे तशीच उचलून नेलेली सैनिक. शेवटी लँडो नावाचा म्हातारा सेनानी तिला विचारतो तू कुठली, ती म्हणते माहीत नाही, मग तो म्हणतो चल, शोधूया. बस, एवढाच सीन. अर्धा मिनिट पण नसेल. आमचं सगळं पुस्तक त्या अर्ध्या मिनिटातून निघालंय.

म्हणजे युद्ध संपलं, आता ही हजारो पोरं घरी जाणार कशी, कुणाला गावाचं नाव आठवत नाही, कुणाला भाषा आठवत नाही, आणि घरी पोचलं तरी घर उघडं असेल का. आपल्याकडे प्रत्येक वाडीत दोन तरी कुलूपबंद घरं असतात, गणपतीला पाच दिवस उघडतात, चाकरमानी येतो आणि पहिला दिवस नुसता वासच घेत बसतो घराचा. आम्हाला हे लिहायला कुठे लांब जावं लागलं नाही.

लिहायला सुरुवात झाली जून २०२० ला. लॉकडाऊन होताच, वर पावसाळ्यातली मासेमारी बंदी, त्यामुळे आमच्यातला जो बोटीवर जातो तो पण रिकामा. अंतराळयानांची सगळी प्रकरणं त्याची आहेत आणि ती वाचताना कळतं, कारण त्याचं यान कधी सरळ जाऊन उतरत नाही, खाडीच्या तोंडावर भरतीची वाट बघत थांबल्यासारखं थांबतं आणि मग आत घुसतं. दुसऱ्या एकाचं म्हणणं होतं की नवव्या भागात मेलेल्या बेन सोलोला परत आणायचाच, त्यावर आठ महिने भांडण चाललं, शेवटी ३ विरुद्ध २ नी तो मेलेलाच राहिला. मी त्या दोनमध्ये होते. अजूनही वाटतं आणायला पायजे होता.

तिसरा गडी थ्रॉनवाला. टिमोथी झान यांनी १९९१ मध्ये कादंबरीत आणलेला तो निळा सेनापती, चित्रं बघून शत्रू ओळखणारा. एप्रिल २०१४ मध्ये जुन्या सगळ्या कादंबऱ्या 'लेजंड्स' करून टाकल्या, म्हणजे त्या आता खऱ्या इतिहासात धरायच्या नाहीत, तेव्हा हा माणूस दोन दिवस धड जेवला नव्हता, मग २०१६ ला ॲनिमेशन मालिकेत थ्रॉन परत आला आणि २०२३ ला खऱ्या नटासकट आला. त्यामुळे तो म्हणतो एकदा लिहिलेलं काही फेकायचं नाही, कधी ना कधी लागतं. आम्ही नाही फेकलं, आणि चार वर्षांत हजारच्या वर पानं झाली! त्यातली कुठली आपली खरी गोष्ट हेच आम्हाला कळेनासं झालं. शेवटी एक नियम केला: जे पुस्तकात शिवलं जाईल ते कायमचं, ते नंतर कुणी बदलायचं नाही.

कुणाला हे सगळं विचित्र वाटलं तर वाटू दे. मी दशावतार बघत मोठी झालेय. आख्यान सगळ्यांना माहीत असतं, पण संवाद कुठे लिहिलेले असतात? रात्री रंगमंचावर उभा राहिला की नट आपल्या मनाने बोलतो, आणि पहाटेपर्यंत तोच देव, तोच राक्षस, तरी दरवर्षी वेगळं ऐकायला मिळतं. माझ्या डोक्यात आमचं काम त्याच्यातच बसतं. विकायचं बिलकुल नाही, गोष्ट स्टार वॉर्सवाल्यांची आहे, आम्ही पाच जण आणि घरचे वाचणार, एवढंच.

आता दुकान.

२०२४ च्या पावसाळ्यात आम्ही एकदा दुसरीकडे बाईंड करून घेतलं होतं, नाव लिहीत नाही, गरम गोंदाचं परफेक्ट बाईंडिंग, दोन तासात हातात, दिसायला एकदम विकतच्या पुस्तकासारखं. जुलै संपेपर्यंत मधली पानं सुटून हातात आली, पुठ्ठा धनुष्यासारखा वाकला, आणि माझ्या कॉपीच्या कण्यात बुरशी. तो चाळीस पानांचा गठ्ठा मी वर्षभर रबर लावून ठेवला होता. म्हणून गेल्या दिवाळीनंतर कुणीतरी सांगितलं की सावंतवाडीत मोती तलावापासून चालत पाचेक मिनिटांवर एक काका अजून हाताने शिवतात, तेव्हा मी एसटी पकडून गेले.

बोर्डवर फक्त झेरॉक्स, लॅमिनेशन, बाईंडिंग एवढंच लिहिलंय. पुढे दोन मशीन, पोरांची गर्दी, हॉल तिकीट आणि आधार कार्ड. पण मागच्या खोलीत गेलं की वेगळंच. लाकडी दाब, दाभण, मेण लावलेला दोरा, एका डब्यात मैद्याची खळ. तिच्यात मोरचूद घातलेलं, कसर लागू नये म्हणून. आणि वजनाला काय, तर जांभ्याचे चिरे! अख्खे चिरे, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले, शिवलेल्या वह्यांवर ठेवलेले.

काकांनी पहिला प्रश्न किती कॉप्या असा नाही विचारला. म्हणाले, "ह्यां एकदा वाचून ठेवूचां आसा, काय परत परत उघडूचां आसा?" मी म्हटलं परत परत. मग म्हणाले, तर गोंद नको, शिवूया. ए-फोर कागद मधोमध दुमडायचा, चार कागद एकात एक घातले की १६ पानांचा एक फॉर्मा, आमची ३०४ पानं म्हणजे बरोबर १९ फॉर्मे. हे त्यांनी तोंडी केलं, आणि मला म्हणाले तुमचं नशीब चांगलं, एक पान पण कोरं सुटत नाही. कागद ८० जीएसएमचा, म्हणजे जरा जाड, घ्यायला लावला, ७० चा पावसात लगेच लोळतो म्हणे.

एक सूचना जाणाऱ्यांसाठी: पेनड्राईव्हवर वर्ड फाईल नेऊ नका. आमच्यातल्या दोघांनी जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं होतं, तिथल्या कॉम्प्युटरवर उघडलं तर सगळं रोमन अक्षरांचं कडबोळं दिसायला लागलं, माझ्या पोटात गोळा आला. घरी येऊन सगळं युनिकोड करून पीडीएफ नेली तेव्हा नीट छापलं. आतल्या बाजूचा समास पण काकांनी सांगितलेला तेवढा सोडा, शिवलेल्या पुस्तकात तो लागतोच.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. पैसे भरून आले, आठ दिवसांनी या म्हणाले होते. सहाव्या दिवशी फोन. मला वाटलं मशीन बिघडलं. काका म्हणतात, "गो, एक इचारतंय. त्या पोराच्या घराची बाव मागीलदारी आसा काय फुडल्या दारात? ४१ वर मागीलदारी म्हटलास, २१३ वर फुडल्या दारात. खरी खयची?"

मला दोन सेकंद कळलंच नाही कुठली बाव, म्हणजे विहीर. मग कळलं, हे दुमडता दुमडता वाचतायत! तिसरा फॉर्मा आणि चौदावा फॉर्मा. आम्ही पाच जणांनी चार वर्षात प्रत्येक पान निदान दहा वेळा वाचलं असेल, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि ती साधी चूक नव्हती हो. आमच्या त्या पोराला घराचं दुसरं काहीच आठवत नाही, ना आईचा चेहरा ना गावाचं नाव, फक्त विहिरीच्या रहाटाचा आवाज आठवतो. तीनशे पानं तो त्या आवाजाच्या मागे ग्रहांमागून ग्रह फिरतोय. विहीर पुढच्या दारात असली तर अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या त्याला आवाज येणार आणि संपलं. मागीलदारी असली तर त्याला ओटा, पडवी, माजघर, स्वयंपाकघर सगळं ओलांडून जावं लागतं, अनोळखी घरातून, कुणीतरी अडवेल ह्या भीतीने, आणि मग मागच्या दाराशी तो आवाज.

त्या रात्री पाच जणांचा फोन दोन तास चालला. २१३ ज्याने लिहिलं होतं तो बोटवाला, तो म्हणाला मी आमच्याच घरची विहीर लिहिली, आमची पुढे आहे. पण त्यालाही पटलं. मागीलदारी ठरलं. पुस्तकात आता तसंच आहे आणि आमच्या नियमाप्रमाणे ते कायमचं.

सकाळी फोन करून सांगितलं तर काकांनी शिवण थांबवूनच ठेवली होती. आणि बघा, ह्या प्रकारच्या बाईंडिंगमध्ये एक पान बदलता येत नाही, २१३ ज्या कागदावर आहे त्याच कागदावर २१४, २१९ आणि २२० पण आहेत, म्हणजे चारही पानं परत छापायची, सहा कॉप्यांची. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी द्यायला गेले तर म्हणाले, चूक पकडली ती मी, मग कागद माझा.

तयार पुस्तक हातात घेतलं तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही नीट. निळं कापड, गडद, रात्री मांडवीवरून दिसणाऱ्या समुद्रासारखं. नाव सोनेरी अक्षरात करायचं होतं पण त्यांच्याकडे सोनेरी छपाईला फक्त इंग्रजी अक्षरं आहेत, आम्हाला मराठीच पायजे होतं. तर त्यांनी पुठ्ठ्यातच एक चौकोन दाबून खोलगट केला आणि छापलेलं लेबल त्या खळग्यात बसवलं, म्हणजे कपाटात घासून घासून निघणार नाही. बोट फिरवलं तर कड लागते, लेबल लागत नाही. पुस्तक कुठल्याही पानावर उघडा, टेबलावर सपाट राहतं, हाताने दाबून धरावं लागत नाही. जेवता जेवता वाचणाऱ्यांना ह्याची किंमत कळेल.

खर्च: छपाई एका कागदाला दोन्ही बाजू मिळून ४ रुपये, ७६ कागद म्हणजे ३०४ रुपये, बाईंडिंग २६०, एका कॉपीचे ५६४. सहा कॉप्यांचे ३,३८४. १,००० ॲडव्हान्स. गरम गोंदाचं ह्याच्या अर्ध्यातही होतं, पण तुम्हाला एक पावसाळा काढायचाय की वीस ते ठरवा.

तक्रार एवढीच: आठ दिवस सांगितले, तेरा लागले. विहिरीचे दोन दिवस आमचे धरा, तरी तीन दिवस जास्तच. खळ सुकायला हवा दमट असली की वेळ लागतो हे खरं आहे, पण मग तसं आधी सांगायला पायजे, मी एकदा फुकट खेप घातली, एसटीने जाऊन येऊन अर्धा दिवस गेला. आणि एका कॉपीत सातवा फॉर्मा उलटा शिवला गेला होता. दाखवल्यावर काही न बोलता टाके सोडून परत शिवला, दोन तास बसावं लागलं, तेवढ्यात मी चितारआळीत लाकडी खेळणी बघून आले. घरी नेण्याआधी सगळी कॉपी पानापानाने बघून घ्या.

यंदाचा पावसाळा माझी कॉपी मुद्दाम उघड्या फळीवर ठेवली होती. जून गेला, जुलै गेला. पुठ्ठा सरळ आहे, कण्याला बुरशी नाही, एक दोरा सैल नाही.

एप्रिल २०२३ मध्ये लंडनला स्टार वॉर्सवाल्यांनी जाहीर केलं होतं की रेचा पुढचा चित्रपट करणार, नवव्या भागानंतर साधारण पंधरा वर्षांनी काय होतं ते. आमची गोष्ट नवव्या भागानंतर दोनच वर्षांत घडते, तेव्हा तो आला तरी आमची पोरं घरी पोचलेली असतील. थ्रॉनवाल्याने दुसऱ्या भागाची चाळीस पानं लिहून पण ठेवलीत, यंदाच्या मासेमारी बंदीत आणखी झाली.

दुकान रविवारी बंद, दुपारी दीड ते चार पण बंद. शिवून पायजे असं सांगा, नाहीतर पुढचा पोरगा स्पायरल करून देतो. आमच्या निळ्या कापडाचा उरलेला तुकडा काकांनी गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलाय, दुसऱ्या भागाला वेगळा निळा नको म्हणून.