अंगरख्याखालचे चिलखत : ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ सात महिने खेळल्यानंतर

‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ हा व्हिडिओ गेम मी गेल्या डिसेंबरात सवलतीत घेतला आणि जुलै संपेपर्यंत, नोकरी आणि घर सांभाळून, त्यात दीडशेच्या आसपास तास घातले. खेळ तसा जुना आहे. चेक प्रजासत्ताकातील वॉरहॉर्स स्टुडिओजने तो २०१८ मध्ये आणला आणि २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. त्यातल्या लढाईविषयी आणि कथेविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला लिहायचे आहे ते केवळ त्यातल्या कपड्यांविषयी, कारण इतक्या महिन्यांनंतर इतर खेळांकडे पाहण्याची माझी नजर कशाने बदलली असेल, तर ती या कपड्यांनी.

यापूर्वी माझी बरीच वर्षे २०११ च्या ‘स्कायरिम’ या काल्पनिक जगाच्या खेळात गेली. तिथे चिलखत म्हणजे एक आकडा असतो. बर्फाळ डोंगरावर उघड्या दंडांनी, केसाळ कातड्याचे बिनबाह्यांचे कवच घालून हिंडणारा माझा नायक मला कधी खटकला नाही, कारण आकडा पुरेसा होता. थंडी मोजणारी पद्धत त्यात नंतर आली, पण तीही दुसरा एक आकडा घेऊनच आली. या साऱ्याचे मूळ १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर खेळायच्या खेळात सापडते. त्याच्या सध्याच्या नियमांत गादीदार कवचाला ११, खिळे ठोकलेल्या कातडी कवचाला १२ आणि संपूर्ण पोलादी कवचाला १८ असे गुण आहेत. खेळाडू पैसे साठवत या शिडीवर चढत जातो आणि खालची पायरी कायमची टाकून देतो.

‘किंगडम कम’ ही शिडीच काढून घेतो. खेळातला काळ १४०३ सालचा आणि प्रदेश आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमियाचा. लोहाराचा मुलगा असलेला आपला नायक जे घालतो ते एकावर एक घालतो : आधी गादीदार अंगरखा, त्यावर कड्यांचे बख्तर, त्यावर पोलादी पत्रा आणि सर्वांवरून कापडी झगा. डोक्यावरही तसेच, आधी शिवलेली जाड टोपी, मग कड्यांची कानटोपी आणि शेवटी शिरस्त्राण. भोसकणे, कापणे आणि ठेचणे या तीन प्रकारच्या माऱ्यांचा हिशेब वेगवेगळा ठेवलेला असल्यामुळे, कड्यांच्या बख्तराने तलवारीची धार अडली तरी गदेचा तडाखा अंगापर्यंत पोहोचू नये म्हणून आतली गादी लागतेच. खालची पायरी टाकून देता येत नाही, कारण ती वरच्या पायरीच्या आत असते.

जानेवारीत माझा भाचा सुट्टीला आमच्याकडे लष्कर भागात आला होता. ग्वाल्हेरच्या त्या थंडीत रजईत गुरफटून तो पडद्याकडे पाहत बसला होता. त्याने विचारले, “मामा, हा लढायला निघालाय ना, मग आधी रजई कशाला घालतोय?” प्रश्न अगदी नेमका होता, कारण ती वस्तू खरोखर रजईची, किंबहुना गोधडीची, सख्खी बहीण आहे. आमची आजी जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून त्यांना बारीक धावदोरा घालीत असे, आणि सहा-सात थर झाले की अंगुस्तान घातल्याखेरीज सुई आरपार जात नसे. फ्रान्सचा राजा अकरावा लुई (कारकीर्द १४६१ ते १४८३) याच्या सैन्यासाठीच्या हुकमात अशाच अंगरख्याला पंचवीस ते तीस थर कापड आणि त्यावर हरणाचे कातडे असावे असे म्हटले आहे. आजीची सुई सात थरांत अडत होती, तर तीस थरांत बाणाचे काय होत असेल याची कल्पना कोणत्याही मराठी घरात वाढलेल्या माणसाला सहज करता येईल. गादीला सर्वांत दुबळे कवच ठरवणाऱ्यांनी बहुधा कधी गोधडी शिवलेली नसावी.

खिळे ठोकलेल्या कातडी कवचाची गोष्ट अधिक मजेदार आहे. कातड्याला नुसते खिळे ठोकले तर ते मजबूत होत नाही, फक्त जड होते. स्वीडनजवळच्या गोटलांड बेटावर विस्बी शहराबाहेर २७ जुलै १३६१ रोजी डॅनिश सैन्याने तिथल्या शेतकऱ्यांची कत्तल केली. उन्हाळा आणि प्रेतांची संख्या यांमुळे बहुधा कवचे उतरवायलाही कोणी थांबले नाही, आणि मृतांना त्यांसह पुरण्यात आले. विसाव्या शतकात ते खड्डे उकरले तेव्हा लोखंडी पट्ट्या आतून रिबिटांनी बसवलेली कवचे निघाली. त्यांचे कापड किंवा कातडे शाबूत असताना बाहेरून दिसत असतील ती केवळ रिबिटांची डोकी. जुन्या चित्रांतली अशी डोकी पाहून कोणीतरी त्यांनाच कवच समजले असावे आणि तिथून ही चूक खेळांत शिरली असावी, असा तर्क केला जातो. ‘स्कायरिम’मध्येही ते खिळ्यांचे कवच आहे, हे ओघाने आलेच. आपल्याकडेही पितळी खिळ्यांची डोकी मिरवणारे मखमली लढाऊ अंगरखे होते, पण त्यांच्या पोटात जाड भरण असे.

झग्याखाली बख्तर लपवता येते ही सोय मला फार उशिरा, तिसऱ्या महिन्यात उमगली. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अंगरख्याखाली चिलखत आणि डोईवरच्या वस्त्राखाली लोखंडी टोप घालून गेले, हे आपण चौथीपासून वाचतो, तरी खेळात ते करून पाहावे असे मला सुचले नव्हते. कपडे हे बोलणे असते, हे हा खेळ चांगले जाणतो. उंची कापडाने लोक नरमाईने बोलतात. रक्ताने माखलेला आणि चिखलाने भरलेला माणूस दारात आला तर त्याची छाप पडत नाही. कुंडावर हातपाय धुतले तर मळ अर्धवट निघतो. पुरता निघायचा तर स्नानगृहात पैसे मोजून कपडेही धुऊन घ्यावे लागतात. फाटले तर शिंपी, बूट झिजले तर मोची, आणि पत्रा पिचकला तर चिलखते घडवणारा कारागीर. ज्या शतकात इंग्लंडमध्ये कोणत्या थराच्या माणसाने कोणते कापड आणि कोणती फर वापरावी याचा कायदा (१३६३) झाला होता, त्या शतकाच्या अखेरीनंतर घडणाऱ्या कथेत कपड्यांना इतके वजन मिळणे योग्यच आहे.

रात्री चोरपावलांनी जायचे तर कड्यांचा खणखणाट आड येतो, आणि तोंडावरची झडप खाली आली की जग दोन फटींएवढे उरते. पहिले काही दिवस मी झडपेचे शिरस्त्राण टाळत असे. तोंडावर एक बाण बसल्यावर ती सवय सुटली. सर्वांत आवडलेला भाग मात्र सासाउच्या मठातला. तिथे नवदीक्षित म्हणून शिरताना अंगावरचे सारे उतरवून ठेवावे लागते आणि एक साधा झगा मिळतो. शंभर तास थरावर थर चढवल्यानंतर त्या झग्यात जे उघडेपण जाणवले, ते कोणत्याही राक्षसासमोर मला जाणवलेले नाही.

तक्रारीही आहेत. थैली उघडून एका क्षणात पूर्ण वेश बदलता येतो, वास्तविक संपूर्ण पोलादी कवच चढवायला मदतनीस लागे आणि बराच वेळ जाई. मेलेल्या कोणत्याही माणसाचे बूट नायकाच्या पायात नेमके बसतात, जे आमच्या घरात सख्ख्या भावांनाही कधी जमले नाही. चारपाच जणांची कवचे पाठीवर वाहून नेता येतात आणि विकून श्रीमंत होता येते, त्यामुळे निम्म्या खेळानंतर कापडाची किंमत वाटेनाशी होते. ज्या काळी सूत हाताने काततच कापड बनत होते, त्या काळी एक बरा अंगरखा ही घरातली मोठी मालमत्ता असे. ती चणचण खेळाच्या सुरुवातीला छान जाणवते आणि पुढे नाहीशी होते.

या खेळात जादू नाही, ड्रॅगन नाहीत. तेव्हा तो इतिहासाचा खेळ आहे आणि काल्पनिक खेळांना हे नियम लागू नाहीत, असे माझा एक मित्र म्हणतो. मला ते पटत नाही. ड्रॅगन असला तरी थंडी थंडीच राहते आणि कडी खांद्याला काचतातच. दहा-बारा किलोचे बख्तर कमरेला पट्टा आवळून घातले की खांद्यांवरचा भार कमरेवर उतरतो, हे कोणत्याही काल्पनिक राज्यात खरेच असेल. जयविलास राजवाड्याच्या संग्रहालयात भाच्याला घेऊन गेलो, तेव्हा तो प्रत्येक चिलखतापाशी “याच्याखाली काय घालत असतील?” एवढेच विचारत होता. एरवी मी त्याला तलवारीची लांबी सांगत बसलो असतो.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी खेळातल्या राटाय या गावी पोहोचल्यावर मिळालेले पहिले पैसे तलवारीवर घालू नयेत. जाड टोपी आणि गादीदार अंगरखा घ्यावा, उरलेल्या पैशांत स्नानगृह गाठावे, आणि मगच सरदाराच्या भेटीला जावे.