ड्रॅगनबॉक्स अल्जिब्रा 5+ : यातला धडा आणि खेळ वेगळे काढून दाखवा

चौथीतल्या भाचीसाठी हा बीजगणिताचा गेम टॅबवर घेतला आणि खरं सांगते, पहिले दोन दिवस तिच्यापेक्षा मीच जास्त खेळले. माझं काम इन्स्ट्रक्शनल डिझाइनचं, म्हणजे काय शिकवायचं, कुठल्या क्रमाने, ते ठरवायचं, त्यामुळे असला गेम दिसला की मी आधी बघते की धडा कुठे चिकटवलाय. इथे चिकटवलेला नाहीच!

स्क्रीनच्या दोन बाजू, एकीकडे पेटी, ती एकटी उरली की जिंकलात. सुरुवातीला आकडे नाहीत, अक्षरं नाहीत, नुसती चित्रांची कार्डं. दिवसाचं कार्ड त्याच चित्राच्या रात्रीच्या कार्डावर ठेवलं की हिरवा भोवरा होतो, टॅप केला की गायब. म्हणजे अधिक आणि उणे मिळून शून्य, पण हे कुणी बोलून दाखवत नाही. एका बाजूला नवीन कार्ड टाकलं की दुसऱ्या बाजूला पण तेच टाकायला लागतं, त्याशिवाय पुढे जाताच येत नाही. भाची आधी वैतागली, मग स्वतःच म्हणाली, "अगं मावशी, दोघांना सारखंच द्यायचं, नाहीतर चीटिंग होईल ना." मी शाळेत "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" एवढंच घोकलं होतं, का बदलतं ते आज कळलं असं वाटलं. पुढे हळूहळू त्या पेटीचाच एक्स होतो.

2012 मध्ये नॉर्वेच्या कंपनीने काढलेला हा गेम, आणि तो उभा करणारे ज्याँ-बातिस्त ह्युन्ह स्वतः गणित शिकवायचे. फरक तिथेच आहे. मी पूर्वी एका प्रोजेक्टवर होते तिथे आम्ही प्रश्नांची एक्सेल शीट मेल करायचो आणि गेमची टीम थेट काही महिन्यांनी बिल्ड, म्हणजे गेमची चालती आवृत्ती, दाखवायची, त्यात गाडी मस्त पळतेय, मध्येच थांबते, चार ऑप्शन येतात, मुलं न वाचता कुठलंही दाबून परत गाडी पळवतात. एक दिवस जरी दोन्ही टीम कागदाची कार्डं घेऊन एका टेबलाशी बसल्या असत्या तर गाडी चालवण्यातच गणित घालता आलं असतं, अजून हळहळ वाटते मला.

एक मात्र लक्षात ठेवा, 2014 च्या एका अमेरिकन अभ्यासात मुलांना हा गेम जास्त आवडला, पण कागदावरची समीकरणं सोडवण्यात पायरीपायरीला मदत करणारं ट्यूटर सॉफ्टवेअर वापरणारी मुलं पुढे गेली. म्हणून नुसता टॅब हातात देऊ नका, शेजारी वही ठेवा, लेव्हल संपली की तेच गणित लिहायला लावा. आमच्याकडे वहीत अजून एक्सच्या जागी पेटीच काढली जातेय, आणि मी ती काढू देतेय.