१०,००० लक्सच्या नावाखाली चुना लावतात, दिवा घ्यायच्या आधी वाचा

हेलसिंकीत किंवा इकडे उत्तरेला कुठेही पहिला हिवाळा काढणाऱ्यांसाठी लिहितेय. डिसेंबरात इथे सूर्य साडेनऊच्या आसपास उगवतो आणि सव्वातीनला गुल, तोही बहुतेक ढगातच. कितीही झोपलं तरी झोप संपत नाही, गोड आणि भात खात सुटतो, कुणाचा फोन उचलावासा वाटत नाही. हा आळस नाहीये, विंटर डिप्रेशन आहे, १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या टीमने ते नीट मांडलं, आणि सकाळी उठल्यावर लख्ख दिव्यासमोर अर्धा तास बसणं हा त्यावरचा खरोखरचा, तपासलेला उपाय आहे. उपाय खरा आहे म्हणूनच भामट्यांचं फावतं.

मला फोनवर सारखी एकच जाहिरात दिसायची. दुकानाचं नाव फिनिश, फोटोत आजी-आजोबा, म्हणे दुकान बंद होतंय, शेवटचा स्टॉक, ७०% सूट. ७९ युरो भरले. पार्सल आलं थेट चीनहून, आत टॅबलेटएवढा पातळ दिवा, यूएसबीवर चालणारा, १० वॅटचा. वर मोठ्ठं लिहिलेलं १०,००० लक्स.

आता खरी गंमत इथे आहे. लक्स म्हणजे दिव्याची ताकद नव्हे, तुमच्या डोळ्यापाशी किती उजेड पोचतो ते, त्यामुळे किती अंतरावर हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थच नाही. चांगल्या दिव्यावर साधारण ४० ते ६० सेंटिमीटर अंतराचं लिहिलेलं असतं. माझ्या दिव्याच्या कागदावर अगदी बारीक अक्षरात होतं, १० सेंटिमीटर! म्हणजे नाक काचेला टेकवून बसायचं. नवऱ्याने फोनच्या लक्स अ‍ॅपने अर्ध्या मीटरवर मोजलं तर काहीशेच आले, ते अ‍ॅप काही फार अचूक नसतं मान्य, पण आमच्या ऑफिसच्या ट्यूबही तेवढा उजेड देतात हो.

दुसरी खूण जाहिरातीतच होती. एका ओळीत ‘यूव्ही फ्री’ आणि खालच्याच ओळीत ‘व्हिटॅमिन डी मिळेल’. अरे यूव्हीशिवाय त्वचेत डी बनणार कसं? थेरपीच्या दिव्यात यूव्ही गाळलेलंच हवं, डीसाठी गोळ्या वेगळ्या. आणि घरात कुणाला बायपोलर असेल किंवा रेटिनाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असला दिवा लावूच नका, बायपोलरमध्ये याने मॅनिया, म्हणजे मन बेफाम उत्तेजित होण्याचा झटका, उसळू शकतो. त्या जाहिरातीत याबद्दल अक्षर नव्हतं.

परत घ्या म्हटलं तर उत्तर आलं, स्वखर्चाने चीनला पाठवा, नाहीतर दिवा ठेवा आणि २०% परत घ्या. मी गप्प राहिले तर ३०%, मग ४०%, मंडईत भाजीवाल्याशी घासाघीस चालते तसं. युरोपातल्या दुकानाकडून ऑनलाइन घेतलेलं १४ दिवसांत परत करता येतं, पण हे दुकान युरोपात नव्हतंच, फक्त नाव इथलं.

शेवटी कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत मिळवून देण्याचा दावा, टाकला, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, बारीक अक्षरांचा फोटो, सगळे मेल जोडून. पैसे आले, पण तोवर फेब्रुवारी उजाडला. तक्रारीत ‘आवडला नाही’ असं लिहू नका, ‘वर्णनाप्रमाणे नाही’ असंच लिहा, आणि ते २०-४०% काही झालं तरी घेऊ नका, तडजोड झाली म्हणून बँक दावा नाकारू शकते.