फोटो फ्रेमचं दुकान, ठाकूरद्वार, गिरगाव: चौदा चित्रं, दोन्ही बाजूंनी

दुकानाला नावच नाहीये. पाटीवर नुसतं 'फोटो फ्रेम, काच, आरसे' लिहिलंय, त्यातलं 'आरसे' निम्मं उडालंय. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून आत वळलं की एका चाळीच्या जिन्याखाली आहे, दोन माणसं उभी राहिली की दुकान भरलं. चर्नी रोडला उतरून चालत जायचं, आणि आता ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो 3 चं गिरगाव स्टेशन सुरू झालंय तर तेही सोयीचं. मी गेले होते ऑगस्टमध्ये, भर पावसात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चौदा चित्रं पोटाशी धरून. तेव्हापासून लिहायचं लिहायचं म्हणतेय, आज लिहितेय कारण गेल्या आठवड्यात माझ्या एका मैत्रिणीचं वर्षश्राद्ध झालं आणि तिच्या आईकडे भिंतीवर लागलेली ती चौदाही चित्रं सगळ्यांनी बघितली आणि जो तो मला विचारत होता की ही फ्रेम कुणी केली.

ती म्हंजे आमच्या ट्रेनमधली. बोरिवली-चर्चगेट स्लो, लेडीज डबा, आम्ही नऊ जणी. ती बोरिवलीला चढायची आणि मी कांदिवलीला चढेपर्यंत माझ्यासाठी चौथी सीट का होईना पर्स ठेवून धरायची, त्यावरून रोज कुणा ना कुणाशी तिचं वाजायचं आणि मालाड यायच्या आत त्याच बाईशी गप्पा सुरू व्हायच्या. गिरगावातल्या महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायची. जे.जे. स्कूल ऑफ आर्टला जायचं होतं तिला, पण वडील लवकर गेले, मग एटीडी, म्हंजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, केलं आणि लगेच नोकरी धरली. ह्याचं रडगाणं पंधरा वर्षांत एकदाही ऐकलं नाही तिच्याकडून. रविवारी वर्गातल्या पोरांना घेऊन काळा घोड्याला जहांगीरला जायची. 1952 पासून आहे ती गॅलरी, आत जायला पैसे लागत नाहीत, तरी आमच्यातल्या निम्म्या जणी जन्मापासून मुंबईत राहून कधी आत पाऊल टाकलेल्या नव्हत्या. आणि ही सातवीतल्या पोरांना एकेका चित्रासमोर उभं करून विचारायची, 'तू काढलं असतंस तर ह्यातलं काय गाळलं असतंस?' मी एकदा गेले होते सोबत. एक मुलगा बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, 'टीचर, आकाश.' तिने वहीत लिहून घेतलं त्याचं उत्तर.

एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षेला ज्या मुलांकडे धड रंग नसायचे त्यांना कॅमलचे पोस्टर कलर ही स्वतःच्या पगारातून आणायची, आणि पोराला सांगायची शाळेकडून आलेत. हे आम्हाला ती गेल्यावर कळलं, तिच्या शाळेतल्या शिपाईकाकांनी सांगितलं. 2018 ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आमच्यातल्या तिघींच्या घरी गणपतीच्या मखराचा प्रश्न पडला, तर तिने पुठ्ठ्याच्या खोक्यांची घडीची मखरं करून दिली, माझं अजून चालू आहे, दर वर्षी नुसता रंगाचा एक हात मारायचा.

आणि चित्रं. कुणाचा वाढदिवस असो, कुणाला बरं नसो, कुणाचं घरात काही बिनसलेलं असो, ही एक चित्र आणून द्यायची. पोरांच्या परीक्षेच्या कागदातून उरलेले कार्ट्रिजचे, म्हंजे चित्रकलेच्या जाड कागदाचे, तुकडे, त्यावर पोस्टर कलर. आणि मागच्या बाजूला पत्र. हे महत्त्वाचं आहे, फ्रेमचा सगळा विषय इथेच येतो. पुढे चित्र, मागे पत्र, आणि पत्र नुसतं 'हॅपी बर्थडे' नाही, पानभर, बारीक अक्षरात, मार्जिनमध्येसुद्धा. एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने जुन्या कॅलेंडरच्या पानामागे खिडकी काढून दिली आणि छापील बाजूला तारखांच्या एकेका चौकटीत एकेक शब्द लिहिला, म्हणाली रोज एकच वाचायचा, महिनाभर पुरेल. तिने खरंच रोज एकच वाचला, हे तिने आम्हाला नंतर रडत सांगितलं.

जानेवारी 2025 मध्ये ती गेली. आजारपण फार लांबलं नाही, त्याबद्दल इथे लिहीत नाही. घरी तिच्या आईकडे बघायला गेलो तर भिंतीवर तिचं एकही चित्र नाही. सगळी वाटलेली. काकू म्हणाल्या, 'माझ्याकडे काही राहिलंच नाही गं, जे काढायची ते उचलून कुणाला तरी द्यायची.' तेव्हा ठरलं की आपापल्याकडची काढायची, फ्रेम करायची आणि काकूंना द्यायची. नऊतल्या आम्ही आता आठ, आणि शाळेतल्या दोन बाई, मिळून चौदा निघाली.

आता इथे एक सांगते, कारण हे वाचून निदान एखाद्याचं तरी वाचेल. माझ्याकडे दोन चित्रं होती. त्यातलं एक मी तीनेक वर्षांपूर्वीच घराजवळच्या एका दुकानात फ्रेम करायला दिलं होतं. त्यांनी न विचारता पूर्ण मागच्या बाजूला गोंद लावून ते प्लायवर चिकटवून टाकलं. घ्यायला गेले तर म्हणे 'मॅडम, आता कधी सुरकुती पडणार नाही.' मी पत्राचं विचारलं तर म्हणाला, मागे काहीतरी खरडलेलं होतं. मी काही बोलले नाही तेव्हा, पैसे देऊन आले. तिला सांगितलं तर ती म्हणाली, 'जाऊ दे, दुसरं लिहीन.' ते राहिलं.

म्हणून गिरगावात जाताना माझी धाकधूक होती. दुकानातल्या काकांनी पुडकं उघडलं, वरचं चित्र बघितलं आणि पहिलं विचारलं, 'ताई, वर हाराला खिळा ठेवायचा का?' म्हंजे गेलेल्या माणसाचं काम आहे हे त्यांना न सांगता कळलं होतं. मी म्हटलं, फोटो नाहीये, तिने काढलेली चित्रं आहेत. बरं म्हणाले, हात पुसले आणि चित्र उलटं केलं. मागचं अक्षर दिसलं तसं परत सुलटं करून ठेवलं. 'हे पत्र आहे. वाचू का?' म्हणून विचारलं. मी हो म्हटल्यावर चष्मा लावून उभ्या उभ्या वाचलं, पूर्ण, बाहेर एक गिऱ्हाईक काचेसाठी खोळंबलेलं. मग म्हणाले, 'हे झाकायचं नाही.'

त्यांनी जे केलं ते मी आधी कुठे बघितलेलं नव्हतं. चित्राला गोंदाचा थेंबही न लावता दोन्ही बाजूंनी माउंट बोर्डच्या, म्हंजे मधून कापलेल्या जाड पुठ्ठ्याच्या, खिडक्या, चारी कोपरे कागदाच्या छोट्या खिशांत अडकवलेले, पुढे काच, मागेही काच. आणि फ्रेमच्या डाव्या बाजूला दोन पितळी बिजागऱ्या. भिंतीवर एक बारीक सागवानी पट्टी ठोकायची आणि फ्रेम तिला बिजागरीने लावायची. बंद असली की चित्र, आणि खिडकीची झडप उघडावी तशी उघडली की मागचं पत्र. उजवीकडे एक छोटी कडी, पंख्याच्या वाऱ्याने आपोआप उघडू नये म्हणून.

माउंट कशाला हवं, थेट काच लावा की, स्वस्त पडेल, असं मी म्हटलं होतं. तर त्यांनी आतून एक जुनी फ्रेम काढून दाखवली, कुणाच्या तरी लग्नाचा फोटो, काचेला चिकटून बसलेला, सोडवायला गेलं तर चेहऱ्याचे पापुद्रे काचेवर येतात. मुंबईच्या पावसाळ्यात कागदाला ओल येतेच, काच टेकलेली असली की तिथे बुरशी धरते आणि रंग काचेला लागतो. पोस्टर कलर तर पाण्याचेच, त्यांना ओल अजिबात सोसत नाही. माउंटच्या जाडीमुळे मध्ये हवा राहते. माउंट पण अ‍ॅसिड-फ्री घ्यायचं, साध्या बोर्डाने काही वर्षांत कडेला पिवळी रेघ उठते. बाइंडिंगवाले कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात तसं काही करणार का म्हणून विचारलं, तर म्हणाले खळच लावत नाही तर मोरचूद कशाला. बाहेरच्या भिंतीवर लावायचं नाही, पावसात ती भिंत गार पडून ओलावते. खिडकीसमोर नाही, उन्हाने रंग उतरतात. हे सगळं त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि एका चिठ्ठीवर लिहूनही दिलं, ती चिठ्ठी मी काकूंच्या फ्रिजवर लावलीय.

पट्टी साधी सागवानी निवडली, पॉलिश हलकं. फायबरच्या सोनेरी पट्ट्याही आहेत त्यांच्याकडे भरपूर, पण त्यांनी स्वतःच नको म्हटलं, 'ह्या चित्रांना कपडे साधे हवेत.' कोपरे हाताने पंचेचाळीस अंशांत कापतात आणि चौदा फ्रेमच्या छप्पन्न कोपऱ्यांवर मी घरी नख फिरवून बघितलंय, कुठेही फट नाही. कॅलेंडरच्या पानाला त्यांनी वेगळं माउंट कापलं, महिन्याचं नाव दिसेल असं. मी सांगितलं नव्हतं.

भाव. आकाराप्रमाणे एक फ्रेम 900 ते 1400 पडली, दुहेरी काच, दुहेरी माउंट आणि बिजागऱ्या धरून. स्वस्त नाही. आम्ही दहा जणींनी वाटून घेतलं. बिजागऱ्यांचे पैसे शेवटी त्यांनी धरलेच नाहीत, मी दाखवून दिलं तर 'राहू द्या' म्हणाले. जीपे चालतं, कार्ड नाही.

तक्रार आहे ती वेळेची. पंधरा दिवस म्हणाले, लागले पाच आठवडे. मध्ये गणपती आले हे मान्य, गिरगावात तेव्हा कुणाचंच काम होत नाही. पण फोन उचलत नाहीत, मी दोनदा कांदिवलीहून जाऊन हात हलवत परत आले. दुपारी दीड ते चार बंद असतं हेही तिथे गेल्यावर कळलं. घरपोच देत नाहीत, आणि दोन काचांमुळे फ्रेम जड होतात. आम्ही चौघी जणींनी दुपारच्या रिकाम्या स्लोने नेल्या, आमच्याच डब्यात, आमच्याच जागेवर, चादरीत गुंडाळून मांडीवर. घाईचं काम असेल तर इथे देऊ नका. जपून ठेवायचं काम असेल तर इथेच द्या.

भिंतीला पट्ट्या ठोकायला काका स्वतः बोरिवलीला आले, एका सोमवारी. त्याचे वेगळे 1000 घेतले. काकूंना प्रत्येक फ्रेम उघडून कडी कशी लावायची ते दाखवलं. काकू आता संध्याकाळी दिवा लावला की एखादी उघडतात, वाचतात, मिटतात. आम्हाला फोनवर सांगतात आज कुणाची वाचली. त्यात आमच्या घरच्या कितीतरी गोष्टी आहेत, कुणाच्या सासूचं, कुणाच्या नोकरीचं, आता काकूंना सगळं माहीत झालंय आणि त्या त्या-त्या मुलीची चौकशी करतात.

आणि ते प्लायवर चिकटवलेलं. तेही नेलं होतं मी. माझे बाबा गेले त्यानंतरचं चित्र ते, बाबांच्या चपला, आमच्या दाराशी ठेवलेल्या, डावीचा अंगठा तुटून दोऱ्याने शिवलेला. ती एकदाच घरी आली होती माझ्या, तेवढ्यात तिने तो दोरा बघितला होता. काकांनी ते ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं, कडेने नखाने चाचपलं, पातळ सुरी एका कोपऱ्यात सरकवून बघितली आणि थांबले. पाणी लावलं तर गोंद सुटेल पण रंग जाईल, म्हणाले. 'ताई, हे नाही सुटायचं.' मी म्हटलं ठीक आहे, ह्याला बिजागरी नको मग, साधं करा.

न्यायला गेले तर त्यालाही बिजागरी होती. उघडलं तर मागे काचेऐवजी चार छोट्या फिरत्या पट्ट्या, आणि त्यांच्याखाली कोरा कार्ट्रिज, त्याच मापाचा. काका म्हणाले, 'पट्ट्या फिरवल्या की कागद निघतो. जेवढं आठवेल तेवढं लिहा, घाई नाही.'

पानभर पत्र होतं. मला पहिली ओळ पक्की आठवते, ती मी पेन्सिलीने लिहिलीय: 'बोलायचं असेल तेव्हा बोल, तोवर मी शेजारी बसून चित्र काढत्ये.' त्याच्याखाली काहीतरी बाबांच्या आवाजाबद्दल होतं, आणि शेवटी अंधेरीच्या पुलाबद्दल. ते अजून येत नाहीये.