कोलोनिस्टा की पिरॅमिड गोगलगाय?

लाइव्ह रॉकसोबत, म्हणजे समुद्री जीव वस्तीला असलेल्या दगडांसोबत, रीफ टँकमध्ये (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) बारीक पांढऱ्या गोगलगायी आल्या की लोक सरसकट सगळ्या वेचून फेकतात. तसं करू नका, आधी भिंग घेऊन नीट बघा.

कोलोनिस्टाचा शंख गोलसर, बुटका. बऱ्याचदा त्यावर तपकिरी ठिपके असतात. रात्री दिवे गेले की ती काचेवर, दगडांवर फिरून शेवाळ खाते. मोठी झाली तरी साधारण 5 मिलिमीटर. संख्या वाढली, तर समजा टँकमध्ये शेवाळ भरपूर आहे. हिला खुशाल राहू द्या.

पिरॅमिडची गोष्ट वेगळी. शंख लांबट, टोकदार, तांदळाच्या कणीएवढा. ही शेवाळ खात नाही. सोंड खुपसून ट्रायडॅक्ना या टँकमध्ये पाळल्या जाणाऱ्या मोठ्या शिंपल्याचा किंवा ट्रोकस, अ‍ॅस्ट्रिया गोगलगायींचा जीवनरस शोषते. म्हणून शंखाच्या आकाराइतकीच ती कुठे बसली आहे हेही बघावं. रात्री टॉर्च घेऊन शिंपल्याची कड आणि तळ तपासा. तिथे घोळक्याने पांढऱ्या कण्या दिसल्या, तर शंका नकोच.

मग शिंपला अलगद बाहेर काढून टँकच्याच पाण्यात मऊ टूथब्रशने घासायचा, मांसल भागाला धक्का न लावता. पारदर्शक, चिकट अंड्यांचे पुंजके कवचाच्या खाचांत राहतात. ते राहिले की सगळं पुन्हा सुरू, त्यामुळे काही आठवडे हे करत राहावं लागतं. सिक्सलाइन रास मासा काही पिरॅमिड टिपतो, पण तो भांडकुदळ असतो. निव्वळ त्याच्या भरवशावर शिंपला सोडणं मला पटत नाही.